सुरतपासून रियुनियनपर्यंत : धबधब्यांची ओळख आणि अभ्याससहलीची सुरक्षितता

प्रस्तावना

पहिले एक-दोन मोठे पाऊस झाले की सुरतहून वघई, आहवा आणि सापुताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढू लागते. डांगच्या डोंगरांवरून धबधबे कोसळू लागलेले असतात आणि महाविद्यालयांच्या पावसाळी सहलीही याच सुमारास निघतात. सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यांजवळ छायाचित्रे भरपूर असतात. परंतु धबधबा नेमका तेथेच का आहे, तो बारमाही का नाही, त्याच्या पायथ्याचा डोह इतका खोल का, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. काही वेळा सहलीचा शेवट दुःखद बातमीने होतो, तेव्हा 'पाण्याचा अंदाज आला नाही' असे एक ठराविक वाक्य वाचावयास मिळते.

प्रवास कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आणि दूरचित्रवाणीवरून उष्णकटिबंधातील बेटांवरचे धबधबेही आज घरोघरी पोहोचले आहेत. हिंदी महासागरातील मॉरिशस व रियुनियन ही बेटे त्यांत अग्रभागी आहेत. ही बेटे आणि डांगचा डोंगराळ प्रदेश यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात हा संबंध खडकाचा आहे, पावसाचा आहे आणि सुरतच्या बाबतीत माणसांचाही आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा परिचय करून देऊन, धबधब्याचे सौंदर्य आणि त्याचा धोका ही दोन्ही एकाच कारणातून कशी निर्माण होतात, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कम्युनिटी कॉलेजमधील पर्यटन, भूगोल, पर्यावरण अशा विषयांच्या अध्यापकांना वर्गात आणि सहलीत त्याचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा आहे.

सुरत आणि दोन बेटे

सुरत सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर रियुनियन बेट सुमारे २१ अंश दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना जवळपास समान अंतरावर असलेल्या या दोन ठिकाणांमध्ये सुमारे ५००० किलोमीटरचे अंतर आहे. रियुनियन हे मादागास्करच्या पूर्वेस असून १९४६ पासून तो फ्रान्सचा सागरपार प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५०० चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या लहान जिल्ह्याएवढे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत, रांदेर, कठोर, नवसारी या भागातील सुन्नी मुस्लिम व्यापारी रियुनियनला जाऊन स्थायिक झाले. कापडाचा व्यापार हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. बेटावरील लोक त्यांना 'झराब' म्हणजे अरब या नावाने ओळखू लागले. वास्तविक ते गुजराती होते. राजधानी सां दनी येथील नूर-ए-इस्लाम मशीद याच समाजाने उभारली. १९०५ मध्ये खुली झालेली ही मशीद फ्रेंच भूमीवरील सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक मानली जाते.

शेजारच्या मॉरिशसमध्येही असेच घडले. तेथील गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांचा एक गट आजही 'सुरती' या नावाने ओळखला जातो. पोर्ट लुईची जुम्मा मशीद १८५० च्या दशकात बांधली गेली, तिच्या उभारणीत गुजरातहून आलेल्या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. मराठी माणूस या बेटावर पोहोचला तो मात्र उसाच्या मळ्यांवरील करारबद्ध मजूर म्हणून. कोकणातून गेलेल्या या मजुरांच्या वंशजांनी आपली भाषा टिकवून ठेवली असून मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकविली जाते.

सुरतच्या वर्गात कोकणी, खानदेशी, गुजराती आणि उर्दू भाषक कुटुंबांतील मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यासमोर ही बेटे नकाशावरील दोन ठिपके म्हणून मांडण्याऐवजी आपल्या गावातील माणसे जेथे गेली ते प्रदेश म्हणून मांडली, तर विषयाची गोडी आपोआप वाढते.

खडकाचे नाते

डांगच्या डोंगरात आणि एकूणच सह्याद्रीत दिसणारा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला व थरावर थर साचत गेले. यालाच दख्खनचा लाव्हा प्रदेश किंवा 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. दुरून पाहिल्यास सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्यावरून हे नाव किती समर्पक आहे ते लक्षात येते. आजही हा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे.

त्या काळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. भूकवचाखालून अतितप्त द्रव्य ज्या ठिकाणी वर येत होते, त्या ठिकाणाला भूशास्त्रात 'तप्तबिंदू' म्हणतात. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तबिंदू मात्र जवळपास जागेवरच राहिला. परिणामी सरकणाऱ्या कवचावर ज्वालामुखींची एक रांग उमटत गेली. हलत्या कापडाखाली मेणबत्ती स्थिर धरली असता कापडावर डागांची रेघ उमटते, तसा हा प्रकार होय. दख्खननंतर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या बेटांखालचा समुद्रातील डोंगर, त्यानंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, असा या रांगेचा क्रम आहे. १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाशी वेधन करून या डोंगररांगेतील बेसॉल्टचे नमुने काढण्यात आले. दक्षिणेकडे जावे तसे खडकाचे वय कमी होत जाते, असे त्यांतून दिसून आले. मालदीवखालचा खडक पाच ते सहा कोटी वर्षांच्या दरम्यानचा, मॉरिशस ८० ते ९० लाख वर्षांचे, तर रियुनियन अवघे काही लाख ते वीस-तीस लाख वर्षांचे आहे. रियुनियनवरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागृत होतो.

या रांगेतील एक गोष्ट वर्गात आवर्जून दाखवावी. मालदीव हे उष्णकटिबंधातील बेट आहे, तेथे पाऊसही चांगला पडतो. पण तेथे डोंगरातून कोसळणारा एकही धबधबा नाही. तेथील ज्वालामुखी केव्हाच समुद्राखाली खचला, त्याच्यावर प्रवाळ वाढले आणि आजची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीच मीटर उंच राहिली. मॉरिशसचे सर्वोच्च शिखर ८२८ मीटर उंचीचे आहे. सर्वांत तरुण असलेल्या रियुनियनचे पितों दे नेज शिखर ३०७० मीटर उंच आहे आणि धबधब्यांची सर्वाधिक गर्दीही तेथेच आहे. म्हणजेच धबधब्यालाही बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते. दख्खनचा लाव्हा भूखंडावर पसरलेला असल्यामुळे तो बुडाला नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही डांगमध्ये धबधबे पाहावयास मिळतात.

धबधबा कसा घडतो

बेसॉल्टचे सगळे थर सारखे नसतात. थराचा मधला भाग घट्ट व टणक असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या तयार झालेल्या असतात, त्यामुळे तो तुलनेने ठिसूळ असतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लालसर मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात झालेल्या झिजेची ती खूण होय.

नदी अशा थरांवरून वाहत असताना टणक थर हळू झिजतो आणि त्याखालचा मऊ थर लवकर झिजतो. कालांतराने वरचा थर छज्जासारखा पुढे आलेला राहतो व पाणी त्याच्या कडेवरून खाली कोसळते. खाली पडणारे पाणी आपल्याबरोबर दगडगोटे घेऊन तळाशी गरगर फिरते आणि तेथे खोल डोह कोरते. नदीपात्रातील रांजणखळगेही याच क्रियेने तयार होतात. डोहामागील मऊ थर पोखरला गेला की आधार सुटलेला छज्जा एके दिवशी कोसळतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. ही क्रिया पुनःपुन्हा घडते. धबधब्याच्या पायथ्याशी पडलेल्या मोठमोठ्या शिळा हा त्याचाच पुरावा असतो.

अंबिका नदीच्या खोऱ्यातील वघईजवळचा गिरा धबधबा आणि डांगच्या उत्तर भागातील गिरमाळ धबधबा हे सुरतकरांच्या परिचयाचे आहेत. दोन्ही नावे सारखी वाटत असल्याने त्यांची गल्लत होते. मात्र ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. गिरा येथे पात्र रुंद असून पाणी अनेक धारांनी पसरून पडते, तर गिरमाळ येथे नदी अरुंद घळीत झेप घेते. काळा पाषाण एकच असला तरी पात्राची रुंदी, खडकातील भेगा आणि उतार बदलला की धबधब्याचे रूप बदलते.

मॉरिशसमध्ये शामारेल येथील धबधबा साधारणपणे ८० ते १०० मीटर उंचीवरून सरळ खाली येतो. तामारिन येथे मात्र एकाच नदीवर लागोपाठ अनेक टप्पे आहेत. 'ट्रॅप' म्हणजे पायरी हा अर्थ तेथे प्रत्यक्ष दिसतो. रियुनियनवर पितों दे नेज या निद्रिस्त ज्वालामुखीच्या कुशीत सालाझी, माफात आणि सिलाओस ही तीन प्रचंड खोलगट खोरी आहेत. ती पाण्याने झिजून व कडे ढासळून तयार झालेली आहेत. सालाझीच्या वाटेवरील एका धबधब्याचे फ्रेंच नाव 'नववधूचा ओढणीपडदा' या अर्थाचे आहे. उभ्या हिरव्या कड्यावरून अनेक पातळ धारा उतरतात. त्रू द फेर हा धबधबा इतक्या अरुंद आणि खोल घळीत आहे की सर्वसाधारण पर्यटक तो बेलूव्हच्या जंगलातील पायवाटेने जाऊन एका सज्जातून किंवा हेलिकॉप्टरमधूनच पाहतो. बेटावरील हा भूप्रदेश २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट करण्यात आला.

पाऊस : दोन गोलार्ध, दोन स्वभाव

खडक हे धबधब्याचे शरीर असेल तर पाऊस हा त्याचा प्राण आहे. डांग हा गुजरातमधील सर्वाधिक पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या उतारावर चढतात, थंड होतात आणि जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस देतात. हा पाऊस संपला की धबधब्याची धार रोडावत जाते आणि उन्हाळ्यात उरतो तो केवळ काळा कडा. बेसॉल्टमध्ये पाणी मुरण्यास व साठण्यास जागा थोडी, उतार तीव्र आणि वरची माती पातळ. त्यामुळे बरेचसे पाणी आले तसे वाहून जाते. ज्या गावाच्या शेजारी जुलैत धबधबा गर्जतो, त्या गावात मे महिन्यात पाण्यासाठी वणवण होऊ शकते, ही विसंगती यातूनच निर्माण होते.

रियुनियनमध्ये ऋतू उलटे आहेत. तेथे जोरदार पावसाचा व चक्रीवादळांचा काळ साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल हा असतो. याशिवाय आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर बेटाच्या पूर्व उतारावर आदळतात. म्हणून पूर्व बाजूचे धबधबे बारमाही आहेत, तर डोंगराच्या आडोशाला असलेली पश्चिम बाजू कोरडी आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर भरपूर पाऊस आणि पूर्वेकडे पर्जन्यछाया, हे जे चित्र भूगोलाच्या पुस्तकात असते, त्याचे हे उलट प्रतिबिंब होय. पूर्वेकडील पाणी बोगद्यांवाटे पश्चिमेच्या शेतीला देण्याची मोठी योजना त्या बेटावर राबविण्यात आली आहे.

पावसाचे काही जागतिक उच्चांक याच लहानशा बेटावर नोंदले गेले आहेत. जानेवारी १९६६ मधील चक्रीवादळात फॉक-फॉक येथे २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस झाला. सुरत शहरात सामान्यतः संपूर्ण वर्षात पडतो त्यापेक्षा हा पाऊस अधिक आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये 'गामेद' या चक्रीवादळात कोमर्सों येथे ७२ तासांत ३९२९ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा वेळी त्या कड्यांवरून किती पाणी उतरले असेल, याची केवळ कल्पनाच करावी.

धोका कोठे असतो

धबधबा सुंदर दिसतो तो उंच कडा, भरपूर पाणी आणि खोल डोह यांमुळे. धोकाही याच तीन गोष्टींत असतो.

पहिला धोका पाणी अचानक वाढण्याचा. धबधब्यावरील पाणी हे तेथे पडलेल्या पावसाचे नसते; ते वरच्या पाणलोट क्षेत्राचे असते. पायथ्याशी ऊन पडलेले असतानाही वर झालेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत खाली येऊ शकते. सुरतला हे तत्त्व नवे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून प्रचंड प्रमाणात पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. तापीसारख्या मोठ्या नदीला जो प्रवास करण्यास तास आणि दिवस लागतात, तो डांगच्या ओहोळाला काही मिनिटांत पूर्ण होतो. मोठ्या नदीवर इशारा देण्यास अवधी मिळतो, ओहोळावर तो मिळत नाही.

एक साधे गणित वर्गात करून घ्यावे. पाणलोट क्षेत्र केवळ एक चौरस किलोमीटर आहे आणि एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला असे समजू. एकूण पाणी ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर होते. त्यातील निम्मे पाणी पुढील तासाभरात ओहोळातून वाहिले, तरी दर सेकंदाला सुमारे सात हजार लिटर, म्हणजे सात टन पाणी त्या कड्यावरून जाईल. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघ्याइतक्या वेगवान पाण्यातही धडधाकट माणसाचे पाय उखडतात.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध अडकून एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. काही वेळापूर्वी तेच पाणी खेळण्याजोगे होते. या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळांवर निर्बंध लागू केले. त्या माणसांच्या धाडसापेक्षा त्यांना नसलेली माहिती या दुर्घटनेला अधिक कारणीभूत होती, हे अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा धोका कडेचा. सतत ओल्या राहणाऱ्या बेसॉल्टवर शेवाळाचा पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र जाणवतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. कडेवर पाठ करून छायाचित्र काढणे हे अपघाताचे आजचे प्रमुख निमंत्रण आहे.

तिसरा धोका डोहाचा. वीस मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग खाली पोहोचेपर्यंत सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास होतो. हे पाणी डोहात खोल शिरून पुन्हा धारेकडे वळते, त्यामुळे पोहणारा किनाऱ्याऐवजी धारेखाली ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते नेहमीच्या पाण्याइतके शरीर तोलून धरत नाही. तळाशी शिळा आणि झाडांचे ओंडके असतात. उत्तम पोहता येणारी मुलेही अशा डोहात बुडतात, त्याचे कारण हे आहे.

चौथा धोका वरून पडणाऱ्या दगडांचा. आधार सुटलेला छज्जा केव्हा कोसळेल हे सांगता येत नाही. धारेच्या मागे किंवा थेट खाली उभे राहणे म्हणूनच टाळले पाहिजे. रियुनियनचा खडक तरुण आणि कडे अतिशय उभे असल्याने तेथे दरडी वारंवार कोसळतात. धोका वाढला की प्रशासन अशा वाटा बंद करते.

पाचवा धोका परतीच्या वाटेवरचा आहे. ओढ्यावरील बुटके फरशी पूल पाण्याखाली गेले असताना वाहन घालण्याचा मोह रियुनियनमध्येही जीवघेणा ठरतो आणि डांगमध्येही. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबणे, हाच एकमेव नियम आहे.

अभ्याससहलीचे नियोजन

या सर्व गोष्टींमुळे सहलीच रद्द कराव्यात, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. बंदी घातली म्हणून तरुण मुले जावयाची थांबत नाहीत. ती अध्यापकाविना जातात. त्यापेक्षा पाणी वाचण्यास शिकवून नेणे अधिक हिताचे आहे.

सहलीपूर्वी एक तासिका नकाशासाठी ठेवावी. धबधब्याच्या वर नदी कोठून येते, पाणलोट केवढे आहे, वर बंधारा आहे काय, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे. भारतीय हवामान विभागाचे पिवळा, नारिंगी आणि लाल इशारे म्हणजे काय, ते समजावून सांगावे. नारिंगी किंवा लाल इशारा असल्यास सहल पुढे ढकलावी, आणि हा निर्णय पालकांना आधीच कळवून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी आग्रह होत नाही. जिल्हा प्रशासनाने व वनखात्याने घातलेले निर्बंध पाहावेत. जुलैच्या भर पावसापेक्षा सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर हा काळ अभ्यासासाठी अधिक सोयीचा असतो. धार चांगली असते आणि खडकाचे थरही दिसतात.

प्रत्यक्ष ठिकाणी पोहोचल्यावर प्रथम स्थानिक रहिवाशांशी बोलावे. यंदा पाणी कोठवर चढले होते, कोणत्या बाजूला जाऊ नये, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. डांगी बोली खानदेशच्या अहिराणीला जवळची असल्यामुळे खानदेशी घरांतील विद्यार्थी येथे दुभाष्याचे काम उत्तम करतात. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला अशा वेळी मिळणारा मान लहान नसतो.

गटातील दोन विद्यार्थ्यांकडे केवळ पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम सोपवावे व दर अर्ध्या तासाने जोडी बदलावी. स्वच्छ पाणी गढूळ होणे, पाला व काटक्या वाहत येणे, आवाज वाढणे, काठावर खूण म्हणून ठेवलेला दगड बुडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली की सर्वांनी तत्काळ उंच जागी जावे. सामान घेण्यासाठी मागे वळू नये. पाण्यात उतरणे पूर्णपणे वर्ज्य ठेवावे. पायघोळ वस्त्रे भिजली की जड होतात आणि पायात येतात, म्हणून मुलींना व अध्यापिकांना काठावरील जागा निवडताना याची कल्पना द्यावी. कोणी पाण्यात पडल्यास त्याच्यामागे उडी मारू नये, हाताची साखळी करू नये. दोर, ओढणी, बांबू किंवा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन त्याच्याकडे टाकावा. दऱ्यांमध्ये मोबाईलला संकेत मिळतोच असे नाही. १०८ क्रमांकावर संपर्क कोठून होऊ शकेल, ते आधीच पाहून ठेवावे.

अभ्यास म्हणून चार गोष्टी सुरक्षित अंतरावरून करता येतात. कड्याचे रेखाचित्र काढून लाव्हाचे थर मोजणे, ही पहिली. पाण्याचा एखादा ठळक झोत वरून खाली येण्यास किती सेकंद लागतात ते मोबाईलवरील चित्रीकरणातून मोजून उंचीचा अंदाज घेणे, ही दुसरी. दोन सेकंद लागल्यास उंची सुमारे वीस मीटर असते. पुलाच्या कठड्याआडून, पाण्यावर तरंगणारे पान ठराविक अंतर किती वेळात कापते ते पाहून वेग काढणे, ही तिसरी. चौथी सर्वांत महत्त्वाची : त्याच ठिकाणाला फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये पुन्हा भेट देणे. कोरडा कडा, उघडा पडलेला डोह आणि त्यातील शिळा पाहिल्या की पावसाळ्यात पाण्याखाली काय दडलेले होते, ते वेगळे सांगावे लागत नाही. पाणी गेले कोठे, हा प्रश्नही मग विद्यार्थी आपणहून विचारतात.

या सहलीला वाहतुकीचाही एक धडा जोडता येतो. बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग बडोद्याच्या गायकवाडांच्या काळात, १९१३ मध्ये सुरू झाला. डांगचे सागवान बाहेर नेणे हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. डोंगरावरील जंगल, मातीत मुरणारे पाणी आणि धबधब्याची धार किती महिने टिकते, यांचा परस्परसंबंध या गाडीच्या इतिहासातून चांगला उलगडतो. वघईचे १९६६ मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यानही त्याच दिवशी पाहून होते.

समारोप

डांगचा कडा आणि रियुनियनचा कडा यांच्यामध्ये ५००० किलोमीटर समुद्र आणि सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही दोहोंचा उगम एकाच तप्तबिंदूशी जोडला जातो. सुरत-रांदेरचे व्यापारी गलबतातून आणि आगबोटीतून त्या बेटावर उतरले, तेव्हा त्यांच्या पायाखाली आला तो घराजवळच्या डोंगराचाच धाकटा भाऊबंद होता. त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र ते ठाऊक होऊ शकते, आणि त्यासाठी बेटावर जाण्याचीही आवश्यकता नाही. सुरतहून वघईपर्यंतचा प्रवास पुरेसा आहे.

धबधब्याकडे पाहणारा विद्यार्थी थर ओळखू लागला, पाणलोटाचा विचार करू लागला आणि पाणी गढूळ होताच स्वतःहून मागे सरकू लागला, की अध्यापकाचे काम झाले असे समजावे. त्याला मिळणारा आनंद त्यामुळे कमी होत नाही; उलट तो अधिक जाणता होतो. सहलीला गेलेली सर्व मुले सायंकाळी गाडीत मोजून पूर्ण भरावीत, याहून मोठा निष्कर्ष कोणत्याही अभ्याससहलीच्या अहवालात लिहिता येणार नाही.